ट्रिगर पुढे येईना: गनस्मिथच्या बाकावर बसू पाहणाऱ्यांसाठी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं. स्प्रिंग हातात आली की आधी दाबून बघायची, मग बोलायचं, ही सवय तिथली. पुढे अमेरिकेत नोकरी, ग्रीन कार्ड वगैरे झाल्यावर ॲरिझोनातल्या एका बंदुकीच्या दुकानात शनिवार-रविवार दुरुस्तीच्या बाकावर बसायला लागलो. तिथल्या वयस्कर गनस्मिथना, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, मी मनातल्या मनात मिस्त्रीच म्हणतो.

या कामात यायचं म्हणणारी आपली मुलं अधूनमधून विचारतात, म्हणून आधी व्हिसाचं सांगतो. एफ-वन (विद्यार्थी) किंवा एच-वन-बी (नोकरी) व्हिसावर असताना बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं फेडरल कायद्याने बंद आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय वापरू नका. ग्रीन कार्डानंतर वाट मोकळी होते. स्वतःचा दुरुस्तीचा धंदा टाकायचा तर फेडरल परवाना लागतो. रीतसर शिकायचं असेल तर कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडच्या कॉलेजात गनस्मिथिंगचा अभ्यासक्रम आहे. आणि हे सगळं इथलं. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे नुसत्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, तेव्हा हे वाचून गावाकडे कुणी कुणाचं पिस्तूल उघडू नये.

आता मूळ गोष्ट. दुसऱ्याच महिन्यात एक गिऱ्हाईक ग्लॉक १७ पिस्तूल घेऊन आलं, तिसऱ्या पिढीचं. स्पर्धेसाठी ट्रिगर हलका करायचा म्हणून त्याने ऑनलाइन संच मागवून घरीच स्प्रिंगा बदलल्या होत्या. तक्रार अशी, की पहिली गोळी सुटते, मग चार-पाच गोळ्यांत कधीतरी ट्रिगर मागेच मरून पडतो. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढली की पुन्हा जिवंत होतो, पण चांगली गोळी जमिनीवर पडते आणि स्पर्धेत वेळ जातो तो वेगळाच.

मी उत्साहाच्या भरात कनेक्टर, म्हणजे ट्रिगर बारला टेकणारी छोटी पत्र्याची पट्टी, बदलला. मग दुसरा बदलला. मग ट्रिगर बार (ट्रिगरला जोडलेला, मागे जाणारा दांडा) भिंगाखाली धरून त्यात नसलेली झीज शोधली. दीड तास गेला. मिस्त्री कॉफी घेऊन आले. चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं आहे ना ते डोळ्यांनी पाहिलं, करंगळी घालून पाहिलं, मॅगझिन पलीकडच्या टेबलावर नेऊन ठेवलं. ट्रिगर दाबून धरला, स्लाइड ओढून सोडली आणि बोट हळूहळू सैल केलं. ट्रिगर पुढे येऊन पुढच्या गोळीसाठी तयार झाला की टक वाजायला हवं, पण काहीच आवाज नाही. मग नखाने ट्रिगर मागून पुढे ढकलला.

टक.

"ढकलल्यावर पकडतंय. म्हणजे भाग चांगले आहेत, जोर कमी पडतोय," एवढंच बोलून ते गेले.

ही एक चाचणी शिकलात तर माझ्यासारखा दीड तास जाणार नाही. ढकलून टक वाजलं तर स्प्रिंगांचा हिशेब चुकलाय. ढकलूनही वाजलं नाही तर कनेक्टर नीट बसलाय का, वाकलाय का, बार अडकतोय का ते बघायचं.

हिशेब असा. बहुतेक नवख्यांना वाटतं, ट्रिगरची स्प्रिंग ट्रिगरला पुढे आणते. मलाही तसंच वाटायचं. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या ग्लॉकमध्ये उलटं आहे. ट्रिगरची ती गुंडाळीची स्प्रिंग बारला मागे ओढते, म्हणजे बोटाला मदत करते. बारला पुढे ढकलते ती स्ट्रायकरची, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळून गोळी पेटवणाऱ्या सुईची, स्प्रिंग. दोघींची रस्सीखेच चालू असते आणि कंपनीने ती स्ट्रायकरच्या बाजूने झुकती ठेवलेली आहे. म्हणूनच पिस्तूल साफ करायला स्लाइड उतरवली की ट्रिगर मागेच पडून राहतो. तो बिघाड नाही, पलीकडचा गडी दोर सोडून गेलाय एवढंच.

गिऱ्हाइकाने काय केलं होतं? स्ट्रायकरची मूळ ५.५ पौंडांची स्प्रिंग काढून ४ पौंडांची घातली. शिवाय ट्रिगरची मूळ ५ पौंडांची काढून ६ची घातली, कारण जास्त मदत म्हणजे ट्रिगर आणखी हलका. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने ओढणाऱ्या. ट्रिगर मऊ झाला खरा, पण बोट सुटल्यावर त्याला पुढे आणायला कुणी उरलंच नाही. थोडी धूळ, थोडं घर्षण, की अडकला. मी रिकामी काडतुसं बघितली तर प्रायमरवरचे (बुडाशी असलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवरचे) खड्डेही उथळ होते. त्या स्ट्रायकरकडून आज ना उद्या गोळी पेटायचीच राहिली असती.

आम्ही एका वेळी एकच भाग बदलला. एकदम सगळं बदललं की नक्की कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि गिऱ्हाइकाला सांगायला तोंड राहत नाही. आधी स्ट्रायकरची मूळ स्प्रिंग. टक स्वच्छ वाजायला लागलं. हवी तर ६ची ट्रिगर स्प्रिंग तशीच ठेव, असं मिस्त्री म्हणाले. मी ती ठेवली आणि दोनशे वेळा कोरडा, म्हणजे गोळी न भरता, ट्रिगर मारून बघितला. मग स्लाइडची मागची प्लेट काढून नारिंगी तपासणी-प्लेट लावली. तिच्या खाचेतून स्ट्रायकरचं टोक बारवर किती बसतंय ते दिसतं. निदान दोन तृतीयांश तरी बसलं पाहिजे. हे न बघता पिस्तूल परत देऊ नका, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

स्ट्रायकरच्या स्प्रिंगचे दोन अर्धे कप असतात, प्लास्टिकचे, डाळीच्या दाण्याएवढे. एक उडाला की गुडघ्यावर बसून शोधायचा. मी दोनदा शोधलाय, म्हणून आता ते काम पारदर्शक पिशवीत हात घालून करतो. स्ट्रायकरच्या नळीत तेल घालायचं नाही. आपल्या हाताला सवय असते सगळीकडे दोन थेंब सोडायची. आणि ट्रिगरची स्प्रिंग काढायच्या आधी तिचे हूक कुठल्या बाजूला वळलेत त्याचा फोटो काढून ठेवा. उलटी बसली तरी चालल्यासारखी वाटते आणि पुढे दगा देते. पाचव्या पिढीत ही स्प्रिंगच वेगळी आहे, तिथे वरचा हिशेब तसाच्या तसा लावू नका.

रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये दोनच गोळ्या भरल्या, मग पाच, मग पूर्ण. पन्नास गोळ्या अडथळ्याविना गेल्या.

गिऱ्हाईक थोडं नाराजच होतं, ट्रिगर त्याला पुन्हा जड वाटला. मूळ स्प्रिंग त्याने घरी कचऱ्यात टाकली होती. आमच्या डब्यातली घातली, तिचे पैसे लावले. मजुरी मिस्त्रींनी अर्ध्याच तासाची लावली. उरलेला एक तास माझ्या शिक्षणाचा, तो गिऱ्हाइकाने का द्यावा, असं म्हणाले.