जुन्या इंजिनाचा नंबर न खरवडता कसा वाचायचा

जुन्या भारी गाडीचं मूळ इंजिन शोधायचं तर सगळं नंबरावर अडतं, आणि तो नेमका तेलाच्या काळ्या थराखाली असतो. आमच्या सांगलीत तर महापुराचा गाळही.

१. रॉकेल लावून अर्धा तास सोडा. मग जुन्या टूथब्रशने हळू घासा.

२. पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, आरटीओसाठी चासी नंबर छापतात तशीच. डोळ्याला न दिसलेला आकडाही कागदावर उमटतो. जागा अडचणीची असेल तर खडू चोळून बाजूने टॉर्च धरा आणि फोटो काढा.

३. उठावाचे आकडे सोडून द्या. ते साच्याचे, हजारो इंजिनांवर तेच. आपल्याला ठोकलेला, खोलगट नंबर हवा.

जॅग्वारच्या जुन्या गाड्यांमधलं एक्सके इंजिन असेल तर काम फारच सोपं. नंबर ब्लॉकच्या (इंजिनाचा मुख्य सांगाडा) उजव्या बाजूला ऑइल फिल्टरच्या वर आणि हेडच्या (ब्लॉकवर बसणारा वरचा भाग) पुढच्या टोकाला, असा दोनदा असतो. दोन्ही जुळले की हेड मूळचंच समजायला हरकत नाही. नंबराच्या शेवटी वेगळा जोडलेला ७, ८ किंवा ९ म्हणजे कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते. हा नंबर आणि चासी नंबर जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टला कळवा. ते फी घेऊन कारखान्याच्या नोंदीवरून दाखला देतात, त्यात गाडी कधी रवाना झाली ती तारीखही असते.

पॉलिश पेपर, तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर मात्र मिस्त्रीला अजिबात लावू देऊ नका. आकडा पुसट झाला की आरसी ट्रान्सफरच्या वेळी खाडाखोडीचा संशय येतो.