वॉरंटीत गाडी आहे अन् शोरूमवाला ऐकून नाही राहिला? आधी जॉब कार्ड नीट लिहून घ्या

गाडी घेताना हार, पेढा, चावीसोबत फोटो, सगळं होते. वॉरंटीचं काम निघालं की तेच लोक "सब गाड़ियों में आता है सर" म्हणून मोकळे. यात एक गोष्ट आधी समजून घ्या भाऊ, वॉरंटी डीलर देत नाही, कंपनी देते. डीलर फक्त पार्ट बदलतो, मग जुना पार्ट, फोटो, जॉब कार्डची माहिती असं सगळं जोडून कंपनीकडे क्लेम टाकतो आणि तो पास झाला तर त्याला पैसे मिळतात, रिजेक्ट झाला तर भुर्दंड त्याच्याच डोक्यावर. त्यामुळं अर्ध्या वेळा तो तुमच्याशी वाकड्यात नसतो, त्याला क्लेम अडकायची भीती असते. काउंटरवर आवाज चढवून ती भीती जात नाही, त्याच्या हातात पक्का कागद दिला की जाते.

तो कागद म्हणजे जॉब कार्ड, गाडी सर्व्हिसला देताना तुमची तक्रार लिहून घेतात तो. सर्व्हिस अॅडव्हायजर तुमचं दोन मिनिटं ऐकतो आणि लिहितो काय, "इंजिन नॉइज चेक". बस. आता यावर मेकॅनिक एक चक्कर मारणार, आवाज नाही आला की "ओके" लिहून गाडी धुऊन परत. तुम्ही त्याला सांगायचं की असं लिही, "सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर डाव्या बाजूनं टकटक आवाज, गरम झाल्यावर बंद होतो, मागच्या सर्व्हिसलाही सांगितलं होतं". कधी येते, कुठून येते, किती किलोमीटरपासून, आधी सांगितलं होतं का, हे चार मुद्दे आलेच पाहिजे. कॉम्प्युटरमध्ये जागा नाही म्हणाला तर प्रिंटवर पेननं लिहायला लावा, सही घ्या, आणि तिथंच मोबाईलवर फोटो काढून ठेवा. ओडोमीटरचा आकडा आणि तारीख बरोबर पडली का तेही पाहा, कारण वॉरंटी संपायला आली असेल तर तक्रार मुदतीच्या आत नोंदवली होती हे उद्या याच कागदावरून दिसणार आहे. पार्ट यायला महिना लागला तरी मग "वॉरंटी खतम" म्हणणं त्याला जड जाते.

कधीमधी येणारा प्रॉब्लेम असेल तर व्हिडिओ काढा, मीटर दिसला पाहिजे त्यात. आपल्या नागपुरात अजून एक भानगड आहे ती उन्हाची. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, सिग्नलवर उभं राहिलं की गाडी बंद पडते किंवा क्लच जड होते, आणि वर्कशॉपवाले टेस्ट राईड घेतात सकाळी दहाला. काय सापडणार त्यांना? अशी तक्रार असेल तर गाडी दुपारी घेऊन जा, सीताबर्डीच्या गर्दीतून नेऊन थेट गरम गाडीच उभी करा, आणि टेस्ट राईडला मेकॅनिकला चालवू द्या, तुम्ही मागे बसा. "ये देखो, अभी आया" हे तिथल्या तिथं झालं की पुढचा वाद निम्मा संपतो. शनिवार-रविवार टाळा, दसरा-धनत्रयोदशीच्या डिलिव्हरीच्या धावपळीत तर जाऊच नका, त्या दिवसात कोणाचं लक्ष नसते.

आता तुमची बाजू पण भक्कम पाहिजे न. वॉरंटी बुकलेट वाचा, कोणी वाचत नाही पण वाचा. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, केबल, बल्ब, फिल्टर असल्या झिजणाऱ्या वस्तू बहुतेक वॉरंटीत नसतात, त्यावर भांडून उपयोग नाही. बॅटरी अन् टायरची वॉरंटी बरेचदा त्या-त्या बनवणाऱ्या कंपनीची असते, डीलर फक्त रस्ता दाखवतो. सर्व्हिस किलोमीटर किंवा दिवस, जे आधी होईल त्यावर करायची असते, गाडी उभीच होती हे कारण चालत नाही. आणि बाहेरून फॉग लाईट नाहीतर हॉर्न लावताना वायर कापून जोडली असेल तर इलेक्ट्रिकलचा क्लेम गेलाच समजा. पण याचा उलटा फायदा पण घेतात हे लोक. माझ्या मेहुण्याच्या बाईकचा पुढचा शॉकअप लीक व्हायला लागला तर त्याला सांगितलं की तुम्ही बाहेरून सीट कव्हर लावलं आहे, वॉरंटी नाही मिळणार! सीट कव्हरचा अन् फोर्कच्या, म्हणजे त्या पुढच्या शॉकअपच्या, ऑइल सीलचा काय संबंध? अशा वेळी एकच वाक्य बोलायचं, शांतपणे, "नाकारत असाल तर कारण लिहून द्या, जॉब कार्डवर". त्यालाही तेच लिहून मागायला सांगितलं, मग वर्क्स मॅनेजर स्वतः आला आणि सील बदलून मिळालं. तोंडी नाही म्हणायला काही लागत नाही, लिहून द्यायचं म्हटलं की विचार करतात.

फ्री सर्व्हिसमध्ये फक्त मजुरी फ्री असते, ऑइल आणि फिल्टरचे पैसे लागतात. पण पॉलिश, टेफ्लॉन कोटिंग, इंजिनमध्ये टाकायची कसलीशी बाटली, हे सगळं न विचारता बिलात येते, म्हणून गाडी देतानाच जॉब कार्डवर "विचारल्याशिवाय एक्स्ट्रा काम करू नये" लिहून टाका. पैसे घेऊन पार्ट बदलला असेल तर जुना पार्ट मागा. वॉरंटीतला जुना पार्ट मात्र कंपनीकडे जातो, तो मागून नका अडून बसू.

गाडी परत घेताना काय केलं ते वाचल्याशिवाय सही करू नका. तिथं "कस्टमर सॅटिस्फाइड" छापलेलं असते, काम झालं नसेल तर त्याच्याच खाली "तक्रार कायम" लिहा. अन् हो, "कंपनी से कॉल आएगा, दस में से दस देना सर" हे प्रत्येक जण म्हणतो, कारण त्या मार्कांवर त्यांचा हिशेब चालते. आपल्या हातातलं हे हत्यार फुकट देऊ नका. काम झालं तर द्या की, मेकॅनिकनं मनापासून केलं असेल तर नाव घेऊन द्या, पण आधीच कबूल नका करू.

तरी नाहीच झालं तर आधी दुसऱ्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. वॉरंटी कंपनीची आहे म्हटल्यावर वर्धा रोडवरून गाडी घेतली तरी कामठी रोडला काम करून घेता येते, हे पुष्कळांना माहीतच नसते. सोबत कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाका, चेसिस नंबर, जॉब कार्डचे फोटो, तारखा, आणि तुम्हाला नेमकं काय पाहिजे ते. रामायण नको, दहा ओळी पुरे. कंपनीचा एरिया सर्व्हिस मॅनेजर डीलरकडे कधी येणार ते विचारून त्या दिवशी गाडी दाखवा, क्लेमवर वजन त्याच्याच शब्दाला असते.

तिथंही हात वर केले तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला तक्रार नोंदवा. ते कोर्ट नाही, तक्रार कंपनीकडे पाठवून तडजोड करायचा प्रयत्न करतात, पण त्यावर कंपनीचं उत्तर येते तेही पुढं कामी येते. त्यानंतर डीलर अन् कंपनी दोघांनाही स्पीड पोस्टनं नोटीस, पंधरा दिवसांची मुदत देऊन, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता तिथंच केस टाकता येते, म्हणजे कंपनीचं ऑफिस चेन्नईला असो की गुरुग्रामला, तुम्ही नागपुरातच लढायचं. गाडीची किंमत ५ लाखाच्या आत असेल तर फी शून्य, वकील लागतोच असं नाही, सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून केस घरबसल्या टाकता येते, फक्त कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत. कायद्यात निकालाला ३ महिने, तपासणी लागली तर ५, असं लिहिलं आहे, प्रत्यक्षात जास्त लागते हे धरून चला. बरेचदा नोटीस गेली की शोरूममधून गोड आवाजात फोन येतो, "सर आप आ जाओ, कर देते हैं". जरूर जा. पण नवीन जॉब कार्ड उघडून पार्ट लागेपर्यंत अन् गाडी आठवडाभर चालवून पाहीपर्यंत तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही नका करू.