विहिरीकडची तार आणि 3.3 व्होल्टची पिन

कुळागरातल्या विहिरीजवळच्या टाकीत फ्लोट स्विच (पाण्याबरोबर वर येऊन लागणारा स्विच) बसवायचा, टाकी भरली की घरातल्या ईएसपी32 या छोट्या कंट्रोलर बोर्डाने पंप बंद करायचा, असा बेत असेल तर आधी बोर्डाच्या इनपुट पिनकडे बघा. ती 3.3 व्होल्टची असते आणि 3.6 ही तिची हद्द. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पिनलाही 5 व्होल्ट थेट चालत नाहीत, मग 12 तर दूरच.

सुरुवात तारेच्या लांबीपासून करा. 5 व्होल्टचा सेन्सर बोर्डाच्याच डब्यात असेल, तर सिग्नल ते पिन 10 किलोओहम आणि पिन ते ग्राउंड 20 किलोओहम लावा. पिनवर 3.33 व्होल्ट येतात, काम झालं.

तार घरातच पण डब्याबाहेर फिरत असेल, तर वाटेत 10 किलोओहमचा रेझिस्टर घाला आणि त्यापुढे बीएटी54एस हा जोडडायोड (एकाच तुकड्यात दोन डायोड) लावा. त्याचा सामाईक पाय सिग्नलला, ॲनोड ग्राउंडला, कॅथोड 3.3 च्या लाइनला, म्हणजे बोर्डाला वीज पुरवणाऱ्या लाइनला. तिथून पिनपर्यंत आणखी 1 किलोओहम. खरं रक्षण रेझिस्टरच करतो: चुकून 24 व्होल्ट लागले तरी जेमतेम 2 मिलिअँपिअर आत येतात. डायोड ते फक्त 3.3 च्या लाइनवर ढकलतो, आणि गोची इथेच आहे. डीप स्लीपमधला, म्हणजे वीज वाचवायला झोपवलेला ईएसपी32 मायक्रोअँपिअरवर जगतो. हे 2 मिलिअँपिअर खपत नाहीत आणि अख्खी लाइनच वर चढते. त्या लाइनपासून ग्राउंडला 1 किलोओहम लावला की 3.3 मिलिअँपिअर तिथे जिरतात. बॅटरीवरच्या बोर्डाला मात्र हे महागात पडतं.

डायोडऐवजी 3.3 व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टला वाहायला लागणारा डायोड) पुष्कळजण सुचवतात. मला तो पटत नाही. कमी करंटवर तो आधीच वाहायला लागतो आणि चांगला सिग्नलही खाली ओढतो.

विहिरीपर्यंत जाणाऱ्या तारेला ऑप्टोकपलरच हवा: त्यात आतला एलईडी उजेडाने पलीकडचा ट्रान्झिस्टर चालू करतो, दोन बाजूंमध्ये तारेची जोडणी नसते. पीसी817 घ्या. 12 व्होल्टची वाट फ्लोट स्विच, 2.2 किलोओहम आणि आतला एलईडी अशी न्या. सुमारे 5 मिलिअँपिअर वाहतात. एलईडीला उलटा 1एन4148 हा डायोड जोडा, कारण उलट दिशेने तो 6 व्होल्टच सोसतो. दुसऱ्या बाजूला ट्रान्झिस्टरचा कलेक्टर पिनला, एमिटर ग्राउंडला, पिन ते 3.3 व्होल्ट 10 किलोओहम. स्विच लागला की पिन लो होते, तेवढं प्रोग्रॅममध्ये सांभाळा. 12 व्होल्टचा अडॅप्टर वेगळाच ठेवा. दोन्ही ग्राउंड जोडलेत तर ऑप्टोकपलर लावून उपयोग शून्य.

डायोडची जोडणी तपासताना बोर्ड सॉकेटमधून काढा, 3.3 च्या लाइनवर 1 किलोओहमचा भार ठेवा, इनपुट हळूहळू 12 पर्यंत चढवा. पिनच्या जागी मीटर 3.6 च्या आत राहिला तरच बोर्ड बसवा. पंपाच्या 230 व्होल्टला स्वतः हात लावू नका, ते इलेक्ट्रिशियनचं काम.

मे महिन्यात संध्याकाळी गडगडायला लागलं की तारेचा प्लग सरळ काढून ठेवा. जवळ पडलेल्या विजेपुढे यातलं काहीच टिकत नाही. समुद्राकाठी राहत असाल तर तारेचे जोड झाकणाच्या डब्यात घ्या, खारं वारं तांबं हिरवं करतं.