माथेरानची सहल आखताना

माथेरानमध्ये पर्यटकांच्या मोटारगाड्यांना प्रवेश नाही, त्यामुळे इथल्या सहलीचे सारे नियोजन चालण्याच्या हिशेबाने करावे लागते. मध्य रेल्वेच्या कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळला उतरावे आणि स्थानकाबाहेरच्या शेअर टॅक्सीने घाट चढून दस्तुरी नाक्यावर यावे. स्वतःची गाडी असल्यास तीही तिथल्या वाहनतळातच ठेवावी लागते. नाक्यावर प्रवेशकर भरल्यानंतर बाजारपेठेपर्यंत सुमारे अडीच-तीन किलोमीटर लाल मातीची वाट आहे. सामान पाठीवर घेता येईल एवढेच असले तर ही वाट आनंदाची. चाकांची बॅग मात्र या मातीत आणि दगडांत हमखास अडते, मग हमाल शोधणे आले. घोडा घ्यायचा असेल, तर भाडे आणि थांबण्याचा वेळ दोन्ही आधी ठरवून घ्यावे.

नेरळहून निघणारी छोटी गाडी 1907 मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पुढाकाराने सुरू झाली. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून वळणे घेत ती सावकाश चढते, म्हणून वेळ वाचवायचा असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. प्रवास हीच मौज वाटत असेल, तर तिकिटाची सोय आधी करावी. पावसाळ्यात नेरळकडचा टप्पा बंद असतो, पण दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंतची फेरी साधारणपणे चालू राहते.

एका दिवसात सगळे पॉइंट ‘उरकण्याचा’ हट्ट धरू नये; किमान एक रात्र मुक्काम करावा आणि पॉइंट उन्हाच्या दिशेने निवडावेत. सूर्योदयासाठी उत्तर टोकाचा पॅनोरमा पॉइंट उत्तम, मात्र तो बाजारपेठेपासून लांब असल्याने अंधारातच विजेरी घेऊन निघावे लागते. दुपारनंतर शार्लोट तलाव, पिसारनाथाचे देऊळ, एको आणि लुईझा पॉइंट असा पश्चिमेकडचा फेरा करावा. तलावाचे पाणी गावाला पिण्यासाठी जाते, तेव्हा त्यात उतरण्याचा विचारही करू नये. सूर्यास्त पॉर्क्युपाइन पॉइंटवरून पाहावा. समोर प्रबळगडाचा लांबलचक माथा दिसतो. बहुतेक जण सूर्य बुडताच परत फिरतात, पण माझ्या मते पुढची काही मिनिटेच अधिक देखणी असतात. परतीची वाट रानातून असल्याने विजेरी इथेही जवळ हवीच.

माकडांपासून खाऊ, चष्मा आणि हातातल्या पिशव्या सांभाळाव्यात. त्यांना खायला घालून त्यांची भीड आणखी मोडू नये. पावसाळ्यात कड्यांवर धुके दाटते आणि जांभ्या दगडावर शेवाळ धरते, त्यामुळे पकड असलेले बूट घालावेत आणि कठड्यापलीकडे जाऊ नये. परतताना दस्तुरीहून नेरळला उतरायला टॅक्सीची रांग लागते, विशेषतः रविवारी संध्याकाळी. म्हणून ठरलेल्या लोकलच्या पुष्कळ आधी बाजारपेठ सोडावी.