लेग गार्ड, कॅरियर, फॉग लाइट: बसवलेले बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून

लेग गार्ड, मागचा कॅरियर, सॅडल स्टे (बाजूच्या पिशव्यांची चौकट) किंवा फॉग लाइट दुकानात झटपट बसवून मिळतात आणि महिनाभरात खडखडायला लागतात. सिंगल सिलिंडरची गाडी आणि खड्ड्यांचा रस्ता असेल तर महिनाही लागत नाही. दोष बहुतेक वेळा बोल्टचा नसतो, बसवण्याचा असतो.

नुसते आटे एकमेकांत अडकले म्हणून सांधा घट्ट राहत नाही. कसताना बोल्ट किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने दोन्ही पट्ट्या एकमेकींवर दाबल्या जातात. ८.८ ग्रेडचा (हा ताकदीचा दर्जा) एम ८, म्हणजे ८ मिमी आट्याचा बोल्ट २५ न्यूटन-मीटर टॉर्कला (पिळाच्या जोराला) कसला की साधारण दीड टनाचा दाब येतो. पण मधल्या पट्ट्यांची जाडी २५ मिमी असेल, तर एवढ्या दाबासाठी बोल्ट ताणला जातो जेमतेम ०.०५ मिमी, म्हणजे कागदाच्या निम्म्या जाडीइतका. ॲक्सेसरीवरच्या पावडर कोटिंगचा थरच ०.०६ ते ०.१ मिमी असतो. तो उन्हाने आणि हादऱ्यांनी ०.०२ मिमी जरी दबला, तरी ताणाचा मोठा हिस्सा गेला. नट जागचा हललेलाही नसतो, पण सांधा सैल झालेला असतो. मग पट्ट्या आडव्या सरकू लागतात आणि त्या सरकण्याने नट फिरतो. आडवी सरक बोल्टला सगळ्यात लवकर सोडवते, हे जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली प्रयोगाने दाखवलं. म्हणून आधी सरक थांबवायची, लॉकटाइट (आटे जखडून धरणारा चिकट द्रव) त्यानंतर.

१. आधी सगळे बोल्ट हाताने लावा. एक बोल्ट पूर्ण कसून दुसरा भोकात ओढून बसवला, की गार्ड कायम ताणात राहतो. सगळे बोल्ट हाताने फिरतील इतपत लावा, गार्ड आपोआप बसू द्या, मग आळीपाळीने कसा. पट्टी आणि चासी यांत फट राहत असेल तर तेवढ्या जाडीचा एकच लोखंडी स्पेसर घाला. चार-पाच वायसर एकावर एक रचले तर प्रत्येक जोडावर थोडं थोडं दबतं. रबर तर दबतच राहतं. पाइपवरचा क्लॅम्प पाइपच्याच मापाचा हवा आणि कसल्यावरही त्याच्या दोन अर्ध्यांत थोडी फट दिसायला हवी. ते एकमेकांना टेकले, तर पाना कितीही ओढा, पाइप धरला जात नाही.

२. रंग खरवडा. बोल्टच्या डोक्याखाली आणि दोन पट्ट्या जिथे टेकतात तिथे, वायसरच्या गोलाइतकाच. कसून झाल्यावर कडेने टच-अप रंग लावा, म्हणजे पावसाळ्यात गंज धरत नाही.

३. बोल्ट पारखून घ्या. डोक्यावर ८.८ कोरलेलं असावं. गॅरेजात ‘दहा नंबरचा बोल्ट’ म्हणतात तो बहुधा एम ६ असतो. दहा हे पान्याचं माप, आट्याचा व्यास ६ मिमी. टॉर्क नेहमी आट्याच्या व्यासावरून ठरतो. इथे गफलत झाली की बोल्ट तुटतो किंवा आटे जातात. बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जात असेल तर व्यासाच्या निदान दीडपट आत गेला पाहिजे, एम ८ साठी १२ मिमी. गार्डच्या पट्टीची जाडी वाढली तर जुना बोल्ट आखूड पडतो, त्याच मापात लांब घ्या. लेग गार्ड इंजिन माउंटिंगच्या बोल्टवर बसत असेल, तर इंजिनखाली आधार दिल्याशिवाय तो बोल्ट काढू नका आणि टॉर्क गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच वापरा.

स्प्रिंग वायसरवर भिस्त ठेवू नका. पूर्ण कसण्याच्या बऱ्याच आधी तो सपाट होतो आणि पुढे साध्या वायसरसारखाच राहतो. नट असेल तिथे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) घ्या. बोल्टचे दोन आटे नायलॉनच्या बाहेर आले पाहिजेत आणि काढला की नवा घालावा. सायलेन्सरजवळ मात्र नायलॉक नको, नायलॉन तापून निकामी होतं.

४. आटे धुऊन मगच लॉकटाइट लावा. तारेच्या ब्रशने घासा, थिनरने पुसा, वाळू द्या. एम ६ ते एम १० साठी निळं, मध्यम ताकदीचं २४३ पुरतं. ते साध्या पान्याने सुटतं. लाल सोडवायला बहुधा तापवावं लागतं. एक-दोन थेंब पुरेत. आरपार बोल्टला नट जिथे बसणार तिथेच लावा. बंद भोकात मात्र थेंब भोकाच्या तळाशी सोडा, नाहीतर आत दबलेली हवा ते बाहेर ढकलते. पूर्ण पक्कं व्हायला २४ तास लागतात, तोवर गाडी लांब पळवू नका. प्लॅस्टिकला हे लागू देऊ नका, एबीएस नावाच्या प्लॅस्टिकला तडे जातात. फेअरिंग किंवा रबरातून जाणाऱ्या बोल्टला आत लोखंडी बुश (पोकळ नळी) घाला, म्हणजे बोल्टचा दाब बुशवर येतो, आणि मागून नायलॉक लावा.

५. मोजून कसा. ८.८ ग्रेडला एम ६ साठी ९ ते १० न्यूटन-मीटर, एम ८ साठी २२ ते २५. स्टेनलेस बोल्ट चकाकतो पण तेवढा सोसत नाही. एम ६ ला ७, एम ८ ला १७ पुरे. आट्यांना तेल किंवा ग्रीस असेल तर सुमारे पाचवा हिस्सा कमी करा. टॉर्क पाना नसेल तर प्रवासाची बॅग तोलायचा हुकाचा काटा चालतो. बोल्टच्या मध्यापासून १० सेंमीवर हूक अडकवून पान्याला काटकोनात १० किलो ओढलं की साधारण १० न्यूटन-मीटर होतात. एम ८ ला १५ सेंमीवर १६ किलो.

६. खूण करा. बोल्टच्या डोक्यावरून पट्टीवर येणारी रंगाची एक सरळ रेघ ओढा. लॉकटाइट नसलेल्या सांध्यांवर शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावा, तोवर रंग आणि पट्ट्या बसलेल्या असतात. लॉकटाइट लावलेला बोल्ट तपासायला फिरवू नका, त्याची पकड तुटते. तिथे रेघ पाहा. तो सुटलाच तर आटे साफ करून नव्याने लावा. पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगला आणि पावसाळा संपल्यावर पाहणी करा.

साडी गार्ड वाजतो म्हणून बरेच जण काढूनच टाकतात. तसं करू नका, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२३ नुसार मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण गाडीला असावंच लागतं. त्याचे क्लॅम्प वरच्याच रीतीने बसवा.

रेघ जागेवर आहे पण बोल्टच्या डोक्याभोवती तांबूस भुकटी दिसते, तर आत पट्ट्या घासताहेत. तिथे नुसता पाना ओढून भागत नाही; सांधा खोलून रंग, फट आणि क्लॅम्पचं माप तपासा. कॅरियरवरच्या पेटीत ठरल्यापेक्षा जास्त वजन असेल तर तेही कमी करा.