मॉरिस मायनर घेतलीय? या चुका टाळा

१९४८ ते १९७१ या काळात मॉरिस मायनर सोळा लाखांच्या आसपास बनल्या. आपल्याकडे हीच गाडी बेबी हिंदुस्तान म्हणून आली. गाडी साधी आहे, तरी लोक ठरावीक ठिकाणीच चुकतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे ट्रनियनला, म्हणजे पुढच्या चाकाच्या आटेवाल्या सांध्याला, ग्रीस न मारणं. पुढचं चाक ज्या उभ्या पिनवर वळतं तो स्विव्हल पिन, वर एक आणि खाली एक अशा आटेवाल्या ट्रनियनमध्ये फिरतो. ग्रीस संपलं की पाणी शिरतं, पिन गंजतो, आटे झिजतात आणि चालवताना काही कळत नाही. नेहमीचं चित्र असं: नवा रंग, चकचकीत क्रोम, पण निपल, म्हणजे ग्रीस भरायची तोंडं, अंडरसीलच्या (गाडीखाली मारलेल्या गंजरोधक लेपाच्या) थराखाली गाडलेले. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की खालचे आटे सुटतात, चाक आडवं होतं, मडगार्ड चेपतं. हेच हमरस्त्यावर झालं तर जिवावर बेतेल. रंगाआधी ग्रीस गन विकत घ्या.

दर १००० मैलांनी, म्हणजे साधारण १६०० किलोमीटरला, गाडी स्टँडवर घेऊन पुढची चाकं अधांतरी ठेवा. चाक टेकलेलं असलं की आट्यांची एक बाजू भाराने दाबलेली राहते, तिथे ग्रीस पोचत नाही. एका बाजूला दोन, असे चार निपल. आधी फडक्याने पुसा, नाहीतर घाण आत ढकलाल. नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, पुन्हा मारा. चोंदलेला निपल सरळ बदला. शेवटी टायरखाली पहार घालून चाक उचला. पिन आणि ट्रनियनमध्ये वर-खाली प्ले (सैलपणा) दिसला तर दोन्ही नवे घाला. झिजलेल्या पिनवर नवा ट्रनियन चढवणं म्हणजे पैसे पाण्यात.

गिअरबॉक्समध्ये ईपी ९० हे घट्ट गिअर तेल ओतू नका, ते मागच्या ॲक्सलचं. गिअरबॉक्सला इंजिनचंच तेल लागतं. ईपी तेलातली गंधकाची रसायनं कांस्याचे बुश खातात.

बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. न बघता आजचा, निगेटिव्ह टोक बॉडीला लागणारा रेडिओ जोडला की तो जळतो.

व्हॉल्व्हचा गॅप इंजिन थंड असतानाच लावा, ०.०१२ इंच. कानाने ऐकून लावायची घाई नको.

ट्रॅव्हलरची, म्हणजे मायनरच्या इस्टेट (मागे सामानाची जागा असलेल्या) मॉडेलची, लाकडी चौकट शोभेची नाही, मागची बॉडी तिच्यावरच उभी आहे. कुजलेल्या लाकडात पुट्टी भरून वार्निश मारलेली गाडी घेऊ नका.

ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकचं तेल ढकलणारा भाग, ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्या आत असतो. झाकण उघडण्याआधी आजूबाजूची माती ब्रशने काढा. एक खडा आत गेला तरी सील कापलं जातं.