युद्धकाळात परसबाग लावताय? या चुका टाळा

युद्ध लांबलं की डिझेल आणि ट्रक आधी सैन्याकडे जातात. मग शेतात माल असूनही मंडईत भाजी दिसत नाही. १९६५ च्या टंचाईत शास्त्रीजींनी आठवड्यातलं एक वेळचं जेवण सोडायचं आवाहन केलं होतं. अशा वेळी घरामागची दोन गुंठे जागाही मोलाची, पण ती नीट लावली तरच.

सगळ्यात महागात पडते ती एकदम पेरणी. उत्साहात अख्खा वाफा मेथीने भरतो, महिन्याभरात जुड्या वाटत फिरतो आणि पुढे हात रिकामे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्येही उन्हाळ्यात भाजी उदंड आणि हिवाळ्यात टंचाई, अशी गत व्हायची. म्हणून तिथल्या सरकारने ९० बाय ३० फुटांच्या तुकड्याचं वर्षभराचं लागवड वेळापत्रक छापून वाटलं. आपल्या नाशिकला हिवाळा सोपा जातो, खरी परीक्षा एप्रिल-मेची. म्हणून मेथी-पालक दर दहा दिवसांनी हातभर पट्ट्यात टाका, फेब्रुवारीत चवळी, भेंडी आणि राजगिरा पेरा, कोपऱ्यात एक शेवगा हवाच. खरिपातला लाल भोपळा पूर्ण पिकवून देठासकट काढला तर काही महिने टिकतो.

दुसरी चूक खास आपली: कांदा-टोमॅटो. ते जिल्ह्यात ढिगाने पिकतात, आणि वाहतूक अडली तर इथेच पडून राहतील. डाळ मात्र बरीचशी बाहेरून येते. म्हणून कुंपणावर वाल, बांधावर तूर लावा. कांदा साठवायचाच तर उन्हाळ कांदा. पावसाळी लाल कांदा टिकत नाही.

पावसात मेथी उगवून जळते? काळ्या मातीत पाणी साचतं. गादीवाफा, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफा करा.

हायब्रिडचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या वर्षी झाडं सारखी येत नाहीत. गावरान वाण ठेवा. कांद्याचं बी मात्र दरवर्षी ताजंच लागतं, वर्षभरात त्याची उगवण घसरते.

आणि एवढं पिकवून चुलीवर घालवू नका. भाजी आधी धुवा, मग चिरा. उलटं केलं तर क जीवनसत्त्व पाण्याबरोबर जातं. मुळ्याचा पाला टाकू नका. पालेभाजी सावलीत वाळवा, कडक उन्हात तिच्यातलं अ जीवनसत्त्व उडतं. फोडणीला तेल थोडं असलं तरी चालेल, पण अजिबात वगळू नका. वर लिंबू पिळलं की भाजीतलं लोह अंगी लागतं.